मातीतून वेगळे केलेले जीवाणू ओळख पटवायला लॅबला कसे पाठवायचे? पेट्री प्लेट तशीच कुरियर केली तर चालते का?

तुम्ही लिहिलंय की एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी शेतातल्या मातीतून पाच आयसोलेट (वेगळे केलेले जीवाणू) मिळालेत, त्यातल्या दोघांच्या कॉलनी (प्लेटवर दिसणारे जीवाणूंचे ठिपके) खडूसारख्या कोरड्या आहेत, प्लेट उघडली की पहिल्या पावसाचा वास येतो, आणि सगळे पुण्याला पाठवायचेत. प्लेट पाठवू नका. मी पाठवून बसले होते.

माझे आयसोलेट होते लोणार सरोवराच्या काठच्या चिखलातले. मे महिना. चार प्लेटांना कडेने चिकटपट्टी लावली, थर्माकोलच्या डब्यात रचल्या आणि कुरियरला दिल्या. तिसऱ्या दिवशी लॅबमधून फोन आला. झाकणाला धरलेलं पाणी अगारवर (जीवाणू वाढवायचं जेलीसारखं माध्यम) उतरून कॉलनी एकमेकींत वाहून गेल्या होत्या, आणि एका प्लेटचा अगार तर अख्खा निसटून झाकणात पडला होता. मार्करने घातलेले नंबर पुसलेले, कारण निघताना मीच प्लेटा स्पिरिटने पुसल्या होत्या.

स्लँट (ट्यूबमध्ये तिरका गोठवलेला अगार, त्यावर वाढलेले जीवाणू) पाठवा, फिरकीच्या झाकणाच्या ट्यूबमध्ये. वाढ होताना झाकण थोडं सैल ठेवायचं, पाठवताना घट्ट करून वर पॅराफिल्मचे (ताणून चिकटणारी मेणासारखी पट्टी) दोन वेढे. कापसाचा बोळा लावलेली ट्यूब प्रवासाला नको. नंबर ट्यूबवर घाला, झाकणावर नाही. झाकणं अदलाबदल होतात. कागदाच्या पट्टीवर पेन्सिलीने लिहून वर पारदर्शक टेप लावली की स्पिरिट लागलं तरी नंबर टिकतो.

दुसऱ्यांदा मी स्लँटच पाठवले. ट्यूब शाबूत पोचल्या आणि उत्तर आलं, ‘वाढ नाही’. चूक पुन्हा माझीच. फॉर्मवर माध्यमाच्या रकान्यात मी नुसतं ‘न्यूट्रिअंट अगार’ लिहिलं होतं. लोणारचं पाणी खारं आणि अल्कधर्मी, पीएच साधारण १०. माझे जीवाणू सोडियम कार्बोनेट घातलेल्या अगारवर वाढत होते (ते वेगळं ऑटोक्लेव्ह करून, म्हणजे दाबाच्या वाफेत निर्जंतुक करून, नंतर मिसळावं लागतं, एकत्र उकळलं तर अगार नीट गोठत नाही). लॅबने पीएच ७ च्या साध्या अगारवर रेघा ओढल्या आणि वाट बघत बसले. समोरच्या माणसाला तुमचा जीवाणू फक्त त्या फॉर्मवरून कळतो. माध्यमात काय काय घातलं, पीएच, तापमान, किती तासांत वाढतो, माती कुठली, ग्रॅम पॉझिटिव्ह की निगेटिव्ह (ग्रॅम स्टेन या रंगाने जांभळा दिसतो की गुलाबी), सगळं लिहा. रकाना पुरला नाही तर वेगळा कागद जोडा.

त्याआधी शुद्धता. एकट्या कॉलनीवरून निदान तीनदा स्ट्रीक करा (नव्या प्लेटवर रेघा ओढा), दर वेळी ग्रॅम स्टेन करून ऑइल इमर्शनखाली (सूक्ष्मदर्शकाचं तेल लावून वापरायचं भिंग) बघा. दांड्यासारख्या पेशींमध्ये गोल पेशी दिसल्या तर थांबा. मिसळलेलं कल्चर गेलं तर डीएनए सीक्वेन्सच्या आलेखात एका जागी दोन-दोन शिखरं येतात, आणि फी परत मिळत नाही.

पॅकिंग सोपं आहे. ट्यूब कापसात गुंडाळून झाकणाच्या प्लॅस्टिक बरणीत (कापूस इतका की ट्यूब फुटली तर सगळं शोषलं जावं), बरणी जाड खोक्यात. फॉर्म बरणीच्या बाहेर, वेगळ्या पिशवीत. नेहमीच्या मातीतल्या जीवाणूंना दोन-तीन दिवसांसाठी बर्फ लागत नाही. वितळला की लेबलं भिजतात, एवढाच त्याचा उपयोग. सोमवारी पाठवा, म्हणजे पार्सल रविवारी गोदामात तापत पडणार नाही. रोगकारक असल्याची जराही शंका असेल तर साध्या कुरियरला हात लावू नका, आधी लॅबशी बोला. त्याचे पॅकिंगचे नियम वेगळे आहेत. आणि २० टक्के ग्लिसरॉलमधला स्टॉक (राखीव कल्चर) स्वतःच्या फ्रीझरमध्ये ठेवल्याशिवाय काहीही बाहेर पाठवू नका. माझं काम तिसऱ्या खेपेला झालं ते त्या स्टॉकमुळेच.

पुण्यात जीवाणूंसाठी एनसीसीएसचं (राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र) एनसीएमआर (सूक्ष्मजीवांचं राष्ट्रीय केंद्र) आहे, बुरशीसाठी आघारकर संशोधन संस्थेतला राष्ट्रीय संग्रह. फोन करून त्यांचा सध्याचा फॉर्म आणि फी विचारा. रिपोर्टकडून फार अपेक्षा ठेवू नका. १६एस जीनच्या (जीवाणू ओळखायला वाचतात तो जनुक) सुमारे १५०० बेसवरून (डीएनएची अक्षरं) प्रजाती (जीनस) बहुतेक वेळा कळते, जाती (स्पीशीज) नेहमी नाही. ई. कोलाय आणि शिगेला त्यावरून वेगळे ओळखता येत नाहीत, बॅसिलसमध्येही तीच गत. ज्ञात जातीशी साम्य ९८.७ टक्क्यांच्या खाली आलं तर मात्र गाईडना लगेच दाखवा, जात नवी असू शकते.

तुमचे ते खडूसारखे दोघे बहुधा स्ट्रेप्टोमायसिस (मातीतले, तंतूंसारखे वाढणारे जीवाणू) असावेत, तो वास त्यांच्या जिओस्मिन या द्रव्याचा. (प्लेट हुंगायची नसते. सगळे हुंगतात.) बाकी तिघांचे स्लँट २४ तासांचे झाले की पाठवता येतील, या दोघांना मात्र पाच-सात दिवस द्या, वर पांढरी-करडी भुकटी धरेपर्यंत.