गाळ्याचं भाडं, बोटीच्या जागेचं भाडं

नगरपालिकेच्या मालमत्ता विभागात माझी 31 वर्षं गेली. आता साताऱ्यात घरी असते. या सदरासाठी येणाऱ्या पत्रांत या वेळी भाड्याचीच पत्रं जास्त आहेत. त्यातली तीन घेतली आहेत. पहिल्याला जास्त जागा दिली, कारण तो प्रश्न शेकडो गाळेधारकांचा आहे.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. कृष्णाकाठच्या आमच्या शहरात पालिकेच्या इमारतीत माझं भांड्यांचं दुकान आहे. गाळा 10 बाय 14 चा. वडिलांनी 1986 साली लिलावात घेतला. आज महिन्याला 640 रुपये भाडं भरतो. गेल्या महिन्यात नोटीस आली, की यापुढे बाजारमूल्याप्रमाणे भाडं लागेल आणि मागचा फरकही भरावा लागेल. माझी मेहुणी कॅलिफोर्नियात न्यूपोर्ट बीचला असते. तिने सांगितलं, की तिथल्या पालिकेने 2012 साली मरिनाचं, म्हणजे बोटी लावायच्या जागेचं, भाडं असंच वाढवलं, तेव्हा लोकांनी ख्रिसमसच्या बोटींच्या मिरवणुकीवर बहिष्काराची हाक दिली होती. मग आम्हीच का ऐकून घ्यायचं? आम्ही बाजारपेठ बंद ठेवणार आहोत. 2019 च्या पुरात माझा गाळा छतापर्यंत पाण्यात होता, तेव्हा पालिकेचं कुणी फिरकलंसुद्धा नाही. शहराचं नाव छापू नका.
— एक गाळेधारक, सांगली जिल्हा

उत्तर : दादा, मेहुणीने सांगितलं ते बरंचसं खरं आहे, पण तुमच्यापर्यंत अर्धंच पोचलंय. राहिलेलं अर्धं तुमच्या जास्त कामाचं आहे.

न्यूपोर्ट बीचच्या बंदरातली, भरतीच्या पाण्याखालची बरीचशी जमीन कॅलिफोर्निया राज्याने त्या शहराकडे सोपवली आहे. शहर तिथं विश्वस्त आहे. त्या जमिनीवर किंवा पाण्यावर कुणी धंदा करत असेल, तर त्याच्याकडून रास्त बाजारभावाने भाडं घेणं हे शहराचं कर्तव्य धरलं जातं. कमी घेतलं तर लोकांची मालमत्ता एखाद्याला फुकट दिल्यासारखं होतं, आणि सरकारी पैसा असा कुणाला बक्षीस देण्याला त्या राज्याच्या घटनेतच बंदी आहे. बंगल्यापुढच्या खासगी धक्क्यांना तर त्याआधी वर्षाला सरसकट 100 डॉलर आकारायचे, धक्का केवढाही असो. 2012 मध्ये तो दर चौरस फुटाला 52.5 सेंट झाला. 500 चौरस फुटांचा धक्का धरा. 100 चे 262 डॉलर झाले. मिरवणुकीवर बहिष्काराची भाषा झाली ती या धक्कावाल्यांची. व्यापारी मरिनांचं भाडं हा वेगळा वाद होता, पण आला होता त्याच सुमाराला आणि त्याच कारणाने.

त्यांचं म्हणणं काय होतं? आम्ही धक्का स्वतःच्या पैशाने बांधला, दुरुस्ती आम्ही करतो, खालच्या पाण्याचं भाडं कशाला? तुम्ही हेच म्हणताय. गाळ्याचं शटर आम्ही बसवलं, फरशी आम्ही घातली, मग वाढ कशाला? बोलणं खोटं नाही. पण शटर तुमचं असलं तरी जागा गावाची आहे, आणि त्या गावात गाळा नसलेलेही लोक राहतात. हातगाडीवर भांडी विकणारा तुमच्याच दारासमोर उन्हात उभा असतो. त्याला 640 रुपयांत छप्पर मिळत नाही.

आपला कायदाही याहून वेगळं सांगत नाही. महापालिकेचा गाळा असेल तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम 79 पाहा. पालिकेची स्थावर मालमत्ता विकताना किंवा भाड्याने देताना मोबदला चालू बाजारमूल्यापेक्षा कमी नसावा, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. नगरपरिषदेचा गाळा असेल तर 1965 च्या अधिनियमाचं कलम 92 आणि मालमत्ता हस्तांतरणाचे 1983 चे नियम बघावे लागतात. भाडे नियंत्रण कायद्याचा आधार शोधू नका. 1999 चा तो कायदा पालिकेच्या मालकीच्या जागेला लागू होत नाही. अनेक व्यापारी वर्षानुवर्षं त्याच भरवशावर बसतात आणि ऐन वेळी फसतात.

आता आकड्यांकडे या, कारण खरी लढाई आकड्यात आहे. महापालिकांसाठी 2019 मध्ये नियम आले, त्यात भाडं बाजारमूल्याच्या 8 टक्क्यांपेक्षा कमी नको असं ठरलं. राज्यभर गाळेधारक रस्त्यावर आले. 2023 मध्ये नियम बदलले, आणि व्यापारी वापराला किमान 0.7 टक्के अशी मर्यादा आली. फरक किती ते बघा. तुमच्या गाळ्याचं मूल्य समजा 20 लाख धरलं. 8 टक्क्यांनी वर्षाला 1,60,000, म्हणजे महिन्याला तेरा हजारांच्या वर. 0.7 टक्क्याने वर्षाला 14,000, म्हणजे महिन्याला 1,167 रुपये. नोटिशीतला आकडा यातल्या कुठल्या टक्क्याने आलाय? ते विचारलंत का? ‘किमान’ या शब्दावर बोट ठेवा. त्याच्यावर किती जायचं हे भाडं ठरवणाऱ्या समितीने ठरवायचं असतं, आणि तुमचं म्हणणं मांडायची जागा तीच आहे.

टक्क्याइतकंच महत्त्वाचं आहे ते मूल्य. रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने जाहीर केलेल्या जागांच्या किमतींच्या तक्त्यातला, दर एक एप्रिलपासून लागू होतो आणि त्यात दुकानाचा दर घरापेक्षा वेगळा असतो. इमारत 1986 पासूनची, म्हणजे घसारा, इमारत जुनी झाल्याबद्दलची मूल्यातली घट, मिळायला हवा. गाळा रस्त्याला लागून आहे की मागच्या बोळात, तळमजल्यावर की वर, यानेही फरक पडतो. मी नोकरीत असताना एका इमारतीतल्या सगळ्या गाळ्यांना दर्शनी गाळ्याचा दर लावलेला पाहिलाय. जिन्याखालच्या गाळ्यातला घड्याळ दुरुस्तीवाला आणि चौकातला कापडवाला, दोघांना एकच दर. कुणी मोजायलाच गेलं नव्हतं. मी टेप घेऊन गेले तेव्हा जिन्याखालचा गाळा कागदावर 120 चौरस फूट आणि प्रत्यक्षात 84 निघाला. तो माणूस सतरा वर्षं 36 चौरस फूट हवेचं भाडं भरत होता. म्हणून सांगते, आधी आपला गाळा आपण मोजा, तोही दोन साक्षीदारांसमोर.

त्याच पाहणीतली दुसरी गोष्ट मला अजून स्वस्थ बसू देत नाही. एका गाळ्यात एक बाई शिलाई मशिनवर शाळेचे गणवेश शिवत होती. मी भाड्याची पावती मागितली. तिने बिस्किटाच्या डब्यातून पावती काढली. पालिकेची पावती 410 रुपयांची, तीही दुसऱ्याच माणसाच्या नावावर. बाई त्या माणसाला महिन्याला 6,500 द्यायची, रोख, विनापावती. मी हिशोब घातला. गावाला 410, मधल्या माणसाला 6,090. तो माणूस दुकानात कधी पायही ठेवत नव्हता. भाडेवाढीच्या विरोधात मोर्चा निघाला तेव्हा पहिल्या रांगेत होता तोच.

मरिनामध्येही हेच घडू शकतं. मरिना चालवणारा शहराला जागेचं भाडं देतो आणि बोटवाल्यांकडून बोटीच्या लांबीवर, फुटाच्या हिशोबाने महिन्याचे पैसे घेतो. जिथं जागा थोड्या आणि बोटी जास्त, तिथं बोटवाला आधीच बाजारभाव मोजत असतो. मग शहराने भाडं कमी ठेवलं, तर त्या सवलतीचा मोठा वाटा मध्येच राहतो. चालक म्हणतात, ‘भाडं वाढवलंत तर बोटवाल्यांवर बोजा पडेल.’ थोडा पडेलही. पण ज्याच्याकडून आधीच जास्तीत जास्त घेताय, त्याच्याकडून अजून किती घेणार? शिलाईवाल्या बाईकडून 6,500 च्या वर काही निघणार नव्हतं. वाढ झाली असती तर ती त्या मधल्या माणसाच्या खिशातून गेली असती.

तुम्ही स्वतः गल्ल्यावर बसता, म्हणून तुमची गोष्ट वेगळी आहे. बाजारपेठ बंद ठेवायची असेल तर ठेवा, पण मागणी ‘वाढ नको’ अशी करू नका. ती कायद्यात टिकत नाही, आणि तिच्या आडोशाला पोटभाडेकरू ठेवून बसलेले सगळे लपतात. मागणी अशी करा : गाळ्यागाळ्याची मोजणी करा, घसारा धरा, स्वतः धंदा करणाऱ्याला वाढ टप्प्याटप्प्याने द्या. न्यूपोर्ट बीचलाही वाढ एका फटक्यात लावली नाही, काही वर्षांत विभागून लावली. 640 वरून एकदम हजारांत जाणं आणि चार वर्षांत तिथं पोचणं, यात दुकान चालू राहणं आणि बंद पडणं एवढा फरक आहे.

मागच्या फरकाचं म्हणाल, तर करारपत्र काढा. मुदत कधी संपली ते बघा. मुदत चालू असताना करारात नसलेली वाढ मागच्या तारखेने लावली असेल तर लेखी हरकत घ्या. मुदत संपून वर्षं झाली असतील तर तुमची बाजू लंगडी आहे, आणि महापालिकेला कलम 81-ब खाली गाळा खाली करून घेण्याचा अधिकार आहे. हे ऐकायला कडू आहे, पण मी लपवणार नाही. करारपत्र घेऊन एखाद्या दिवाणी वकिलाकडे जा.

आता पुराचं. तुमच्या पत्रातलं माझ्या सगळ्यात जिव्हारी लागलेलं वाक्य ते होतं. 2019 ला सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं. धोक्याची पातळी 45. बारा फूट वर! त्या ऑगस्टमध्ये माझी बहीण सांगलीत पत्र्यावर बसून होती, त्यामुळे पाणी उतरल्यावर काय उरतं ते मला माहीत आहे. भांड्यांत गाळ, वह्यांचा लगदा, भिंतीवर माणसाच्या डोक्याच्या वर तपकिरी रेघ. ती रेघ तुमच्या गाळ्यात अजून असेल तर पुसू नका. शेजारी टेप धरून फोटो काढा. पंचनाम्याची प्रत, दुरुस्तीची बिलं, विम्याचा कागद असेल तर तो, हे सगळं समितीसमोर ठेवा. ज्या जागेत दोन वर्षांत दोनदा पाणी शिरतं, 2019 ला आणि 2021 ला, तिचं खरं बाजारमूल्य कोरड्या पेठेतल्या गाळ्याइतकं नसतं. हा मुद्दा कुणाही गाळेधारकाने लेखी मांडलेला मी माझ्या नोकरीत बघितला नाही. तुम्ही मांडा.

आणि एवढंच मागून थांबू नका. न्यूपोर्ट बीचकडून आपण उचलायची गोष्ट बहिष्कार नव्हे. तिथं भरतीच्या जमिनीचं उत्पन्न वेगळ्या खात्यात ठेवावं लागतं आणि बंदराच्याच कामाला लावावं लागतं, गाळ उपसायला, बंधारे दुरुस्त करायला. बोटवाल्याला निदान विचारता तरी येतं, की माझे पैसे कुठल्या गाळात गेले. आपल्याकडे गाळ्याचं भाडं पालिकेच्या सर्वसाधारण निधीत जातं आणि तिथून कुठं जातं ते दिसत नाही. मी ज्या पालिकेत होते तिथं मंडईच्या गळक्या स्लॅबसाठी तीन टिपण्या लिहिल्या. तिन्ही ‘निधी उपलब्ध नाही’ शेरा मारून परत आल्या. त्याच वर्षी त्या मंडईचं भाडं 14 लाख जमा झालं होतं. आकडा मला पाठ आहे, कारण मागणी रजिस्टरवर बेरीज माझ्या हातची होती.

तेव्हा माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा, तीस दिवसांत उत्तर यायला हवं. तीन गोष्टी मागा : तुमच्या इमारतीच्या मूल्यांकनाचा तक्ता, गेल्या पाच वर्षांत त्या इमारतीतून जमा झालेलं भाडं, आणि तिच्या दुरुस्तीवर झालेला खर्च. ही तीन पानं हातात घेऊन सभेत बोलायला उभे राहा.

प्रश्न : आमचं घराणं कोयनेच्या पाण्याने उठलेलं. आता बामणोलीला बोट चालवतो. वासोट्याचे पर्यटक नेतो. धक्का वापरायचं भाडं वाढणार असं ऐकतो. पावसाळ्यात वासोट्याच्या फेऱ्या बंद, तेव्हा भाडं कुठून द्यायचं?
— एक बोटवाला, ता. जावळी, जि. सातारा

उत्तर : भाऊ, ऐकीव गोष्टीवर घाबरू नका, आधी लेखी काय आहे ते बघा. पण वाढ खरंच आली, तर ठरावीक रकमेला कबूल होऊ नका. मिळकतीचा हिस्सा मागा. लॉस एंजेलिसजवळ मरिना डेल रे नावाचं मोठं बंदर आहे. जमीन तिथल्या काउंटीची, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारख्या संस्थेची, आणि भाडेकरू कंपन्या आपल्या मिळकतीतला ठरलेला टक्का तिला देतात. धंदा झाला तर सरकारला मिळतं, नाही झाला तर बोजा कमी. पावसाळ्यात बंद पडणाऱ्या धंद्याला हीच पद्धत न्यायाची. त्यासाठी फेऱ्यांची वही रोज लिहावी लागेल, तिकिटं नंबराची लागतील. तेवढी शिस्त ठेवायची तयारी असेल तरच मागा.

एक मात्र ध्यानात ठेवा. ज्यांची शेती पाण्याखाली गेली, त्यांना त्या पाण्यावर पोट भरायला सवलत मिळाली, तर मी तिला फुकटेगिरी म्हणणार नाही. गाळ्यांच्या बाबतीत वर जे कडक लिहिलं, ते तुम्हाला तसंच्या तसं लागू नाही. अर्जात धरणग्रस्त असल्याचा दाखला पहिल्या पानावर जोडा, पाठीमागे नको.

प्रश्न : वाढीव भाडं पटत नाही म्हणून भरलं नाही, तर चालेल का?
— वाचक, कराड

उत्तर : नाही. थकबाकीदार झालात की तुमचं कुणी ऐकणार नाही. जुन्या दराची रक्कम वेळेवर भरत राहा. चलनासोबत ‘वाढीव मागणी मान्य नाही, हक्क राखून भरणा’ असं पत्र द्या आणि पोच घ्या. खिडकीवर घेतलं नाही तर मनीऑर्डर करा. परत आलेली मनीऑर्डरसुद्धा जपून ठेवा. पावत्या मात्र बिस्किटाच्या डब्यात नकोत, फाइलला लावा, आणि प्रत्येक पावतीवर नाव कुणाचं आहे ते आजच तपासा.