वाचकांचे प्रश्न : स्वामीजींचं बोलणं झोंबलं, आता काय करू?

सोलापुरातून या वेळी आलेली बरीच पत्रं एकाच धाटणीची आहेत. ज्यांच्या पाया पडतो त्यांनीच कान उपटले, ते ऐकायचं की सोडून द्यायचं? त्यातली चार इथे घेतली आहेत. नावं गाळून फक्त वस्ती ठेवली आहे.

प्रश्न (बाळीवेस) : यंत्रमागाच्या शेडवरून आम्हा भावांत बोलणं बंद आहे. वाटणीचा दावा कोर्टात चालू आहे. मठात दर्शनाला गेलो तर आप्पाजी, म्हणजे आमचे मठाचे स्वामी, सगळ्यांसमोर म्हणाले, "आधी भावाच्या घरी जाऊन जेव, मग इकडे ये." गळ्यातल्या इष्टलिंगाची माझी पूजा एक दिवस चुकत नाही. चारचौघांत असं बोलायची गरज होती का? आणि जेवायला गेलो तर दाव्याचं काय होईल?

उत्तर : तुमच्या पत्रात दोन राग एकमेकांत गुंतले आहेत. लोकांसमोर बोलले हा एक, आणि जे बोलले ते दुसरा. पहिल्या रागाच्या भरात दुसऱ्या गोष्टीकडे बघायचंच राहून जातं. लोकांसमोर बोलायला नको होतं, हे आम्हालाही पटतं, आणि ते आप्पाजींना सांगताही येईल. पण शेवटी.

आधी त्यांचं वाक्य जसंच्या तसं वहीत लिहून ठेवा. शक्य तर त्याच दिवशी, घरात कुणाला सांगायच्या आधी. कारण असं बोलणं सांगता सांगता वाढतं. बायकोला सांगताना "जेवून ये" असतं, मेव्हण्यापर्यंत पोचेतो "मिटवून टाक" होतं, आणि पेठेत "हिस्सा सोड म्हणाले" अशी बातमी फिरते. मग माणूस न दिलेल्या सल्ल्यावर भांडत बसतो.

नंतर आप्पाजींना एकट्याने भेटा. सोमवार, श्रावण आणि संक्रांतीच्या गड्डा यात्रेचे दिवस टाळा, गर्दीत धड बोलणं होत नाही. मठातल्या सेवेकऱ्यांकडून दुपारच्या प्रसादानंतरची वेळ मागून घ्या. बसल्यावर वहीतलं वाक्य वाचून दाखवा आणि विचारा, "मी बरोबर ऐकलं का?" मग हकिगत सांगा, पण तुमच्या अंगाशी येणाऱ्या गोष्टींसकट. उचल कुणी घेतली, हिशेब कुणी दाखवला नाही, भावाच्या बायकोला कोण काय बोललं. अर्धी हकिगत सांगून पुरा सल्ला मिळत नाही. आणि मग सरळ विचारा, "जेवायला जाणं म्हणजे दावा मागे घेणं का?"

असं विचारणं उर्मटपणा होत नाही. सोलापूरकराला याचा दाखला घरचाच आहे. सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर तळं आणि देवळं बांधण्यात गुंतले होते तेव्हा थोर शरण अल्लमप्रभू इथे आले आणि त्या कामावरूनच त्यांना बोल लावला, असं लिंगायत शरणांच्या, म्हणजे संतांच्या, परंपरेत सांगतात. सिद्धराम रागावले, त्यांनी वाद घातला, एकेक शंका काढली. पटल्यावर बसवण्णांच्या कल्याणला (आजचं कर्नाटकातलं बसवकल्याण) गेले आणि चन्नबसवण्णांकडून इष्टलिंगाची दीक्षा घेतली. ऐकणं आणि वाद घालणं दोन्ही त्या एकाच भेटीत झालं. गप्प मान डोलावून घरी येणारा आणि मग वर्षभर धुसफुसणारा भक्त आम्हाला जास्त काळजीचा वाटतो.

आता दावा. भावाकडे जेवल्याने कोर्टातला तुमचा हक्क जात नाही. शेडमधला हिस्सा सोडायचा तर नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र लागतं. तडजोड करायची तर ती लेखी, दोघांच्या सह्यांनिशी कोर्टापुढे ठेवावी लागते. तरी जाण्याआधी वकिलांच्या कानावर घाला आणि त्या दिवशी कुठल्याही कागदावर सही करू नका.

जाताना सणवार नको, साधा दिवस बघा. आदल्या दिवशी वहिनींना फोन करा. तुम्ही दोघं नवराबायकोच जा. मध्यस्थ म्हणून काकांना नेलंत तर ताटावरच पंचायत बसेल. शेडचा विषय तुम्ही काढू नका, त्यांनी काढला तर "ते वकिलांसमोर बोलू" एवढं म्हणून कडक भाकरी आणि शेंगाचटणीकडे वळा. तासाभरात निघा. भावाने दारच उघडलं नाही, तर तसं जाऊन आप्पाजींना सांगा. तुमच्या हातातलं तेवढं तुम्ही केलेलं असेल. लोकांसमोर बोलल्याची तक्रारही भावाकडे जाऊन आल्यावर आप्पाजींना भेटाल तेव्हाच करा. सांगितलेलं करून आलेल्या माणसाची तक्रार वेगळ्या कानाने ऐकली जाते.

प्रश्न (जुळे सोलापूर) : वय 61. गळ्यात माळ आहे, मधुमेहाची गोळी चालू आहे. मागच्या एकादशीला गरगरायला लागलं म्हणून दुपारी ज्वारीची भाकरी खाल्ली. आमच्या वारकरी फडावरच्या महाराजांच्या कानावर गेलं. म्हणाले, "माई, निमित्तं शोधू नका. माळेचा मान राखा." फार लागलं मनाला.

उत्तर : माई, गोळीचं महाराजांना माहीत होतं का? पत्रात तसं दिसत नाही. "एकादशी मोडली" एवढंच त्यांना कुणीतरी सांगितलं असावं. पुढच्या भेटीत गोळीची चिठ्ठी, साखरेचा रिपोर्ट आणि डॉक्टरांचं म्हणणं घेऊनच जा.

त्याआधी डॉक्टरांकडे पंचांगातल्या तारखा न्या. वर्षाला 24 एकादश्या, अधिक मास असला की 26, म्हणजे हा प्रश्न दर पंधरवड्याचा आहे. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन घेऊन पोट रिकामं ठेवलं तर साखर एकदम उतरते. नुसत्या मेटफॉर्मिनवर तसं सहसा होत नाही. डोस बदलायचा की वेळ, ते डॉक्टर ठरवतील. स्वतःच्या मनाने गोळी अर्धी करू नका. फराळात साबुदाणा, बटाटा, रताळं यांनी साखर भरभर चढते. राजगिऱ्याची भाकरी, थोडी भगर, दाण्याची आमटी, काकडी, ताक असं थोडं थोडं दोन-तीन वेळा घ्या. गरगरलं तर साखर तपासा. 70 च्या खाली असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या, 15 मिनिटांनी पुन्हा तपासा, आणि सावरल्यावर काहीतरी खा. तपासायचं यंत्र जवळ नसेल तरी साखरपाणी घ्यायला थांबू नका. त्या दिवशी भाकरी खाल्लीत ते योग्यच केलंत, फक्त त्याआधी साखर घ्यायला हवी होती.

एवढं झाल्यावर महाराजांच्या बोलण्याचा उरलेला भाग बघा. आजार पोटाचा नेम सैल करतो. हरिपाठ, भजन, वर्षाची पंढरीची वारी यांना गोळी आड येत नाही, आणि सोलापूरहून पंढरपूर सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर आहे. यातलं काही "बरं नाही" म्हणून सुटत चाललं असेल तर निमित्ताचा बोल त्याला लागू आहे. सुटलं आहे की नाही, हे तुम्हालाच ठाऊक.

प्रश्न (विजापूर रोड) : आईला फिट येतात. एका बाबांनी बाहेरचं आहे म्हणून सांगितलं. गोळ्या बंद करा, 51 हजारांचा विधी करा आणि नातेवाइकांना कळू देऊ नका, म्हणाले. शंका घेतली तर श्रद्धा कमी पडते म्हणतात.

उत्तर : याला सल्ला म्हणायला आम्ही तयार नाही. कठीण सल्ला ऐकणाऱ्याच्या वागण्याला हात घालतो. इथे आईची औषधं, तुमचा खिसा आणि घरच्यांची तोंडं बंद करायला सांगितलं आहे. नम्रतेचा इथे काही संबंध नाही.

फिटच्या गोळ्या अचानक थांबवल्या तर एकामागून एक फिट येऊन जिवावर बेतू शकतं. आज बंद असतील तर आजच डॉक्टरांना फोन करा. फिट आली की आईला कुशीवर वळवा, तोंडात चमचा, कांदा, पाणी काही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर सरळ सिव्हिल गाठा. भुताखेताची भीती घालून औषधोपचारापासून अडवणं आणि अघोरी प्रकारांकडे वळवणं हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. तक्रार पोलीस ठाण्यात द्या, बाबांचे फोनवरचे निरोप पुसू नका.

प्रश्न (नई जिंदगी) : उमराहसाठी, म्हणजे मक्केच्या यात्रेसाठी, पैसे साठवले. मौलानांची दुआ घ्यायला गेलो तर म्हणाले, "मेव्हण्याचे 90 हजार आधी फेड." मेव्हणा तर कधी मागतही नाही.

उत्तर : मौलानांनी पदरचं काही सांगितलेलं नाही. हजसुद्धा ऐपत असणाऱ्यावरच फर्ज आहे, आणि कर्ज व घरखर्च बाजूला काढून उरते ती ऐपत. उमराहला तर घाई नाहीच. मेव्हणा मागत नाही याचे दोन अर्थ निघतात : त्याला गरज नाही, किंवा त्याला मागायची लाज वाटते. कुठला ते त्यालाच विचारा, बहिणीमार्फत नको. रक्कम तुम्हीच सांगा, "परत येऊन अमुक महिन्यापासून इतके देतो" असं लिहून द्या आणि जायची परवानगी मागा. मोकळ्या मनाने हो म्हणाला तर मौलानांकडे परत जाऊन तसं सांगा. घुटमळला तर साठवलेल्यातून आधी त्याचे द्या. हे सगळं टूरवाल्याला आगाऊ रक्कम देण्यापूर्वी उरका, कारण ती एकदा भरली की ती बुडेल या भीतीनेच पुढचे निर्णय होतात.