सुटलं तर हात कुठे जाईल?

चि. बाळास, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. खाणीतल्या पहिल्या दोन महिन्यांबद्दल चार पानं भरून लिहिलंस आणि शेवटी एका ओळीत उरकलंस: "पहारीखाली करंगळी सापडली, विशेष काही नाही." मी तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचली.

नवा माणूस छताला भितो, वायूला भितो, सुरुंगाला भितो, अंधारातून येणाऱ्या अवजड यंत्राला भितो. भ्यायलाच हवं. पण या सगळ्यांसाठी नियम आहेत, भोंगे आहेत, कुलपं आहेत. पहार, घण, पाना यांना भोंगा नसतो. रोज हातात असल्यामुळे त्यांची भीती लवकर मरते. आमच्या पाळीत हाताला पट्टी बांधून वर आलेल्यांना मी विचारायचो, काय झालं? उत्तर बहुतेक वेळा असल्याच एखाद्या साध्या अवजाराचं असायचं.

तुझ्या वयाचा असताना मी एक गंजलेला नट सोडवत होतो. पाना आखूड वाटला म्हणून दांड्यावर पाइप चढवला आणि सगळं अंग टाकून ढकलायला लागलो. नट एकदम सुटला. माझी मूठ समोरच्या लोखंडी चौकटीवर आदळली आणि हाताचं एक हाड मोडलं. नट घट्ट होता तोवर मला काहीच झालं नव्हतं. त्या दिवसापासून जोर लावण्याआधी मी मनाशी विचारतो: आत्ता हे एकदम सुटलं, तर माझा हात कुठे जाईल?

या प्रश्नाचं उत्तर मिळालं की उभं राहण्याची जागाच बदलते. पाना ढकलण्यापेक्षा स्वतःकडे ओढावा, आणि ओढताना पाय असे रोवावेत की तो सुटला तरी तोल जाणार नाही. ढकलावाच लागला तर मूठ न वळता उघड्या तळव्याने ढकलावा. स्क्रू पाना असेल तर जोर पक्क्या जबड्यावर येऊ दे. हलणारा जबडा कमजोर असतो. आणि पाइप चढवण्याची वेळ आली, म्हणजे पाना चुकीचा निवडला आहे. मोठा पाना आणायला वर जावं लागलं तरी जा.

आता तुझ्या पहारीबद्दल. छताचे सुटे दगड पाडताना पहार सरळ डोक्यावर धरू नये, तिरकी धरावी, नाहीतर सुटलेला दगड पहारीवरून घसरत थेट हातांवर येतो. तिचं मागचं टोक पोटासमोर कधीच नको, अंगाच्या बाजूला हवं. दगड पहारीवर पडला की ते टोक खाली किंवा मागे हाणलं जातं, आणि तेव्हा पहार आणि भिंत यांच्यामध्ये जे असेल ते चिरडतं. तुझी करंगळी बहुधा अशीच सापडली असणार. उभा राहशील ते पक्क्या छताखाली, आणि मागे सरकायची वाट आधी मोकळी करून. आखूड पहारीने काम भागवू नकोस. दोन पावलं पुढे जायचा मोह होतो, आणि ती दोन पावलं सुट्या दगडाखालची असतात.

छिन्नीचं डोकं ठोकून ठोकून छत्रीसारखं पसरलं असेल तर ते घासून घेतल्याशिवाय वापरू नये; त्याचे कपचे उडतात आणि डोळ्यात किंवा हातात घुसतात. एका हातोड्याने दुसरा हातोडा ठोकू नये, त्याचंही कारण हेच. दुसरा कोणी घण मारत असेल तर छिन्नी हाताने न धरता लांब दांड्याच्या चिमट्याने धर. लाज वाटू देऊ नकोस. आणि अंगठी घालून खाली उतरू नकोस. कुठे अडकली तर बोटाची कातडी सोलून नेते.

हातमोज्यांबद्दल विचारलं होतंस. दगड, दोर, पत्रा हाताळताना जरूर घाल. पण फिरत्या ड्रिलच्या सळईजवळ सैल मोजा घातक आहे. तो गुंडाळला जातो आणि हात सोबत नेतो.

एक इजा अशी आहे की ती रक्त न सांडता होते. १९१८ साली डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी अमेरिकेत इंडियानातल्या बेडफर्ड इथे हवेच्या दाबावर चालणाऱ्या अवजारांनी चुनखडी घडवणारे कारागीर तपासले. थंडीत त्यांची बोटं पांढरी पडत, बधिर होत. खाणीत हाती धरायच्या ड्रिलनेही हेच होतं. आधी मुंग्या येतात, मग बोटांची टोकं पांढरी पडतात, पुढे शर्टाचं बटणही लागत नाही. अवजार जितकं आवळून धरशील तितका हादरा हातात जास्त उतरतो. बोथट टोक लगेच बदल, हात उबदार ठेव, मधे मधे ड्रिल खाली ठेव. बोटं पांढरी पडलेली दिसली तर त्याच दिवशी सांग, कारण नसा एकदा गेल्या की बऱ्याचदा परत येत नाहीत.

आणखी एक. हायड्रॉलिक नळीची गळती बोटाने चाचपू नकोस. सुईएवढ्या छिद्रातून तेल कातडीखाली शिरतं. बाहेर टाचणी टोचल्यासारखं दिसतं, पण आत हात सडायला लागतो. दुखत नसलं तरी तासाभराचाही उशीर न करता शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे जायचं आणि "तेल शिरलं आहे" असं स्पष्ट सांगायचं.

तुझ्या करंगळीकडे येतो. नख काळं पडलंय म्हणालास. आता एक कर: दुसऱ्या हाताची मदत न घेता करंगळीचं टोक सरळ करून बघ. ते खाली लोंबत असेल, तर सरळ करणारा स्नायुबंध तुटला असण्याची शक्यता आहे, आणि बोट सरळ धरून ठेवणारी पट्टी वेळेवर बांधली तर तो जुळू शकतो. टोक सरळ झालं तरी एक्स-रे काढून घे. पाळीच्या नोंदवहीतही ही इजा लिहून ये. मुकादम काय म्हणेल याचा विचार करू नकोस. एक्स-रेमध्ये काय निघालं ते मला लगेच कळव, मी वाट पाहतो आहे.