शेत विकलं गेलं, नवा मालक बोट हलवा म्हणतो: आधी काठ कोणाचा ते शोधा

तुमची पोस्ट वाचली: शेत विकलं गेलंय, नवा मालक तुमची शेताच्या कडेची राहती बोट हलवा म्हणतोय, आता काय करायचं. इतकं मोठं उत्तर लिहितेय, कारण हाच प्रसंग आमच्यावरही येऊन गेलाय. इंग्लंडमधल्या ग्रँड युनियन कालव्याच्या ऑफसाइडला, म्हणजे पायवाटेच्या समोरच्या काठाला, शेताच्या कडेला बोट. जुन्या शेतकऱ्याशी सगळं तोंडी, पैसे मात्र वेळच्या वेळी. मग शेत विकलं जातं, नवा मालक म्हणतो महिन्याभरात निघा नाहीतर तिप्पट भाडं द्या, आणि एके दिवशी फाटकाला कुलूप. वरच्या काही उत्तरांत "अजिबात हलू नका, इतकी वर्षं झाली म्हणजे तुमचा हक्क झाला" असं लिहिलंय. भावना चांगली आहे, पण या सल्ल्यावर चाललात तर बोटही जाईल आणि पैसेही.

मी वकील नाही. लिहितेय ते इंग्लंड आणि वेल्सपुरतं, आणि प्रत्येक काठाची कागदपत्रं वेगळी असतात हे गृहीत धरूनच वाचा. लायसन्स, सेफ्टी सर्टिफिकेट, विमा हे सगळं तुमचं जागेवर असणार, त्यात शिरत नाही.

एक गोष्ट डोक्यात पक्की करा. ऑफसाइडला बोट बांधायला दोन वेगवेगळ्या परवानग्या लागतात. बोट तरंगते ते पाणी आणि खालचा तळ बहुतेक ठिकाणी कॅनल अँड रिव्हर ट्रस्टकडे, म्हणजे कालवे सांभाळणाऱ्या संस्थेकडे असतो. दोर ज्या खुंटाला बांधलाय आणि तुम्ही ज्यावर पाय ठेवून उतरता तो काठ दुसऱ्या कोणाचा तरी असतो. शेतकरी तुम्हाला पाणी देऊ शकत नाही आणि ट्रस्ट तुम्हाला शेतकऱ्याचा काठ देऊ शकत नाही. आपल्याकडे विहीर एकाची आणि विहिरीकडे जाणारी वाट दुसऱ्याची असते, तसंच हे. त्यामुळे "आम्ही ट्रस्टला पैसे भरतो" हे शेतमालकाला सांगून उपयोग नाही, आणि "मालकाला भाडं देतो" हे ट्रस्टला सांगूनही नाही.

आता "काठ कोणाचा तरी असतो" म्हणजे नक्की कोणाचा? आमचं नुकसान इथेच झालं, म्हणून इथे जरा जास्त लिहिते.

ग्रँड जंक्शन कालव्याचा कायदा १७९३ चा, ब्लिसवर्थचा बोगदा १८०५ साली झाला तेव्हा तो कालवा सलग जोडला गेला, आणि १९२९ मध्ये तो ग्रँड युनियनचा भाग झाला. कालवा खणायला कंपनीने जमिनी विकत घेतल्या त्या तिथल्या जमीनदारांकडून. कुठे हद्द पाण्याच्या कडेला ठेवली, कुठे कुंपणाच्या झुडपांपर्यंत. पुढे इस्टेटी फुटल्या, शेतं विकली गेली, आणि काही विक्रेत्यांनी विकताना पाण्यालगतची एक चिंचोळी पट्टी स्वतःकडे राखून ठेवली. इथे तिला रॅन्सम स्ट्रिप म्हणतात. शेतकऱ्यालाही कधीकधी माहीत नसतं की झुडपांच्या पलीकडचा वाव दोन वाव काठ त्याच्या खरेदीखतात नाहीच.

आमच्या बाबतीत अगदी हेच होतं. मूरिंग, म्हणजे बोट बांधायची जागा, घेतानाच मला शंका आली होती, कारण कुंपण आणि पाणी यांच्यामधल्या पट्टीवर जुने, शेताशी संबंध नसलेले खांब होते. ती जमीन पूर्वी ज्या इस्टेटीची होती तिचा कारभार पाहणारं एक कार्यालय होतं. नाव घेत नाही. मी फोन केला. फोनवरचा माणूस अतिशय सौजन्याने बोलला, म्हणाला, "ती पट्टी शेताबरोबरच गेली, तुम्ही निश्चिंत राहा." मी म्हटलं, लेखी द्या. तो म्हणाला, नक्की. मेल केला तर उत्तर आलं की तुमची विचारणा संबंधित व्यक्तीकडे पाठवली आहे. पुन्हा मेल केला तर नवा संदर्भ क्रमांक. पुन्हा फोन, पुन्हा तेच सौजन्य, पुन्हा "निश्चिंत राहा". कागदावर एक ओळ कधीच आली नाही. दरम्यान आम्ही शेतकऱ्याला भाडं देत राहिलो, काठावर खर्च केला, पायऱ्या बसवल्या.

शेत विकायला निघालं तेव्हा त्याच कार्यालयातून पत्र आलं की पट्टी इस्टेटीची आहे, तुम्ही ती विनापरवाना वापरताय, मागच्या वापराचे पैसे भरा. फोनवर काय सांगितलं होतं याची त्यांच्याकडे नोंद नव्हती. शेतकऱ्याच्या घरच्यांनी भाडं परत द्यायला नकार दिला. त्यांचंही म्हणणं होतं की आम्ही प्रामाणिकपणे आमचीच जमीन समजून दिली. म्हणजे एकाच काठाचे पैसे दोघांना, वर वकिलाची फी, आणि शेवटी मूरिंग गेलंच. मला आजही याचा राग आहे. एका ओळीचं उत्तर द्यायला त्या कार्यालयाला पाच मिनिटं लागली असती. ज्या माणसाचं घरच त्या पाच मिनिटांवर अवलंबून आहे, त्याला गोड बोलून वाटेला लावणं हे कठोरपणे नाही म्हणण्यापेक्षा जास्त वाईट आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यामुळे आजच लँड रजिस्ट्रीच्या सरकारी साइटवरून त्या शेताचं टायटल रजिस्टर (मालकीची नोंद) आणि टायटल प्लॅन (हद्दीचा नकाशा) दोन्ही काढा. प्रत्येकी ७ पौंड लागतात. सरकारी साइटसारख्या दिसणाऱ्या खासगी साइट्स याचेच कितीतरी पट घेतात, तिथे जाऊ नका. पण तेवढ्यावर थांबू नका. शेताच्या कागदात फक्त शेत दिसतं, बाजूची पट्टी कोणाची ते दिसत नाही. त्यासाठी इंडेक्स मॅप सर्च मागवा. त्या जागेवर कोणाची नोंद आहे, की ती जागा नोंदलेलीच नाही, हे त्यात कळतं.

आणि नकाशावरच्या लाल रेषेला आपल्याकडच्या हद्द कायम मोजणीसारखं समजू नका. इथल्या नियमाप्रमाणे ती रेषा साधारण हद्द दाखवते, नेमकी नाही. शहरी भागात नकाशा १:१२५० प्रमाणात असतो, ग्रामीण भागात बहुधा १:२५०० प्रमाणात. म्हणजे शेताच्या नकाशावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर अडीच मीटर. तुमचा अख्खा वाद ज्या पट्टीवर आहे ती त्या रेषेच्या जाडीत मावते. नव्या मालकाने नकाशा नाचवला तर घाबरू नका, आणि तुम्हीही तो नाचवू नका. त्याच्याकडे जुनं खरेदीखत मागा.

हक्क झाला म्हणणाऱ्यांबद्दल. आपल्या लोकांच्या मनात वहिवाट आणि बारा वर्षांचा कब्जा घट्ट बसलेला असतो, माझ्याही घरी हेच बोललं गेलं. इथे नोंदणीकृत जमिनीसाठी ऑक्टोबर २००३ पासून नियम बदललाय. दहा वर्षांच्या कब्ज्यानंतर अर्ज करता येतो, पण मालकाला नोटीस जाते आणि त्याने हरकत घेतली की बहुतेक अर्ज तिथेच संपतात. मुळात तुम्ही भाडं देत होतात, म्हणजे परवानगीने राहत होतात. परवानगीने केलेला वापर कितीही वर्षांचा असला तरी तो मालकाविरुद्धचा कब्जा होत नाही. वीस वर्षांच्या वापरातून मिळणाऱ्या वहिवाटीच्या हक्कालाही हेच लागू आहे, आणि तिथे आणखी एक अडचण आहे: असा हक्क एका जमिनीच्या फायद्यासाठी दुसऱ्या जमिनीवर असतो. बोट म्हणजे जमीन नव्हे.

लोक निकालांची नावं फेकतात तेव्हा हे तपासा. नॉरफोक ब्रॉड्समधल्या एका हॉटेलला २००३ मध्ये प्लॅट विरुद्ध क्राउच या खटल्यात शेजारच्या बेटालगत बोटी बांधण्याचा हक्क मिळाला, पण तो हॉटेलच्या जमिनीबरोबर आला. मूर विरुद्ध ब्रिटिश वॉटरवेज (ट्रस्टच्या आधी कालवे सांभाळणारं सरकारी मंडळ), २०१३, हा तर प्रत्येक वादात कोणीतरी काढतोच. तिथे बोट बांधण्यात मूरनी कोणता कायदा मोडला हे मंडळाला दाखवता आलं नाही, म्हणून बोट हटवण्याच्या नोटिसा टिकल्या नाहीत. पण ती जागा ब्रेंटफर्डला, भरती-ओहोटीच्या पाण्यात होती आणि त्यांचा काठाच्या जमिनीशी संबंध होता. तुमच्या पायाखाली काठ नाही. उलट बाजूचा निकाल जास्त उपयोगी आहे: २००० साली चेल्सी यॉट विरुद्ध पोप यात अपील न्यायालयाने सांगितलं की माणूस राहत असला तरी हाउसबोट ही जंगम वस्तूच, घरभाडेकरूचं संरक्षण तिला नाही. वाईट वाटतं, पण हे माहीत असलेलं बरं.

मग तुमच्या हातात काय आहे? माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जुन्या शेतकऱ्याबरोबरचं बोलणं नुसती परवानगी होती की भाडेपट्टा. नुसती परवानगी असेल तर ती साधारणपणे नव्या मालकावर बंधनकारक नसते. पण काठाचा ठरावीक तुकडा फक्त तुमच्या ताब्यात होता, दुसऱ्या कोणाला तिथे बांधू दिलं जात नव्हतं, आणि ठरलेलं भाडं जात होतं, तर कागद नसतानाही तो भाडेपट्टा ठरू शकतो. कागदावर कोणी काय नाव लिहिलं यावर ते ठरत नाही. भाडेपट्टा असेल तर तो नव्या मालकाच्या गळ्यात येतो, आणि भाडं वर्षाचं ठरलेलं असेल तर नोटीस साधारण सहा महिन्यांची लागते. महिना आणि सहा महिने यातला फरक हिवाळ्याच्या तोंडावर किती मोठा असतो हे वेगळं सांगायला नको. म्हणूनच नव्या मालकाने पुढे केलेल्या लायसन्स, म्हणजे नुसत्या परवानगीच्या, करारावर घाईत सही करू नका. सही केलीत की पूर्वीही फक्त परवानगीच होती असं म्हणायला त्याला वाव मिळतो.

भाडं थांबवू नका. जुन्याच दराने देऊ करा, लेखी. त्याने नाकारलं तर वेगळ्या खात्यात टाकत राहा. आणि प्रत्येक फोननंतर त्याच दिवशी मेल करा: "आज आपलं असं बोलणं झालं, यात काही चूक असेल तर कळवा." मला हे उशिरा सुचवलं गेलं, वकिलाकडून. ते कार्यालय लेखी द्यायला तयार नव्हतं, तरी निदान माझ्या बाजूची नोंद तयार झाली असती.

कुलूप तोडू नका. पाण्याच्या बाजूने ये-जा करा आणि फाटक उघडून द्या अशी लेखी मागणी करा. बोट हटवण्याची २८ दिवसांची कलम ८ ची नोटीस हा ट्रस्टचा अधिकार आहे, शेतमालकाचा नाही. त्याला तुम्हाला काढायचं असेल तर न्यायालयाचा सरळ मार्ग आहे. त्याने दोर कापले तर फोटो काढा आणि पोलिसांत नोंद करा. पंधरा-वीस टनांची बोट सुटी झाली तर दुसऱ्यांच्या बोटींनाही धोका असतो, त्यामुळे हे किरकोळ भांडण म्हणून सोडून देऊ नका.

निघावंच लागलं तर पुढचा बेत आतापासून करा. कायमचं मूरिंग नसलेल्या बोटीला १९९५ च्या कायद्याप्रमाणे एका जागी १४ दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही, परिस्थितीनुसार वाजवी असेल तेवढा जादा वेळ मिळू शकतो. २०२४ पासून अशा बोटींना लायसन्सवर अधिभारही आहे. हिवाळ्यात दुरुस्तीसाठी लॉक (बोट वरखाली करणारे पाण्याचे दरवाजे) बंद असतात, त्यांची यादी आधी पाहा. तुमच्या दोन्ही बाजूंचे लॉक बंद असतील तर हीच गोष्ट नव्या मालकाकडे मुदत मागायला कामाला येते. मूरिंग खरोखर संपेल त्याच दिवशी ट्रस्टला कळवा, रागाच्या भरात आधी नको.

जाता जाता: बोटीच्या विमा पॉलिसीत कायदेशीर खर्चाचं कलम आहे का पाहा. बऱ्याच पॉलिसींत असतं आणि कोणी वापरत नाही. रेसिडेन्शियल बोट ओनर्स असोसिएशनशी बोला. आणि वकील घ्यायचा तर जमिनीच्या वादांचा अनुभव असलेला घ्या, घर खरेदीची कागदपत्रं करणारा नको. पूर्ण केस न देता आधी ठरावीक फीमध्ये फक्त लेखी मत मागा.

तुम्ही थेम्सवर असतात तर यातलं बरंच वेगळं लिहावं लागलं असतं, तिथे वाजवी काळ थांबण्याचा हक्क १९३२ च्या कायद्यात आहे, त्यामुळे थेम्सवाल्यांचे अनुभव स्वतःला लावू नका.

दोन गोष्टी कळवा, म्हणजे आणखी नेमकं सांगता येईल: भाडं वर्षाचं ठरलेलं होतं की महिन्याचं, आणि कुंपण पाण्याला लागून आहे की मध्ये पट्टी आहे? पट्टी असेल तर तिथे जुने खांब किंवा हद्दीचे दगड दिसतात का तेही पाहा, आणि फोटो काढून ठेवा.