ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला एकच दिवस आहे, आई-बाबा सोबत आहेत. जुनं शहर पाहावं की स्वारोव्स्कीचं क्रिस्टल वर्ल्ड? शाकाहारी जेवण मिळेल का?

जुनं शहर. क्रिस्टल वर्ल्ड शहराबाहेर वाटेन्स गावात आहे, म्हणजे जाऊन-येऊन अर्धा दिवस तिथेच संपतो. आई-बाबांना एवढ्या लांब काचेचे दागिने बघायला नेऊ नका.

आम्ही ग्रुप टूरने गेलो होतो. जुन्या शहरातल्या प्रसिद्ध सोनेरी छपरासमोर फोटो झाले आणि "आता दीड तास मोकळा, खरेदी करून घ्या" असं सांगण्यात आलं. माझे सासरे भोरला शाळेत इतिहास शिकवायचे. ते म्हणाले, "सम्राट मॅक्सिमिलियनची समाधी इथेच कुठेतरी आहे, चल." लगेच मोठे भाऊजी आडवे आले. "अण्णा, त्या थडग्यात माणूसच नाही. रिकामं थडगं बघायला तिकीट कशाला काढायचं?"

माणूस नाही, हे खरंच आहे. मॅक्सिमिलियन १५१९ साली वेल्सला वारला आणि त्याला वीनर नॉयश्टाटला पुरलं. त्याचा नातू फर्डिनांड याने या समाधीसाठी इन्सब्रुकला होफकिर्शं हे चर्च १५५३ ते १५६३ या काळात बांधलं. पण आत पाऊल टाकलं की दोन्ही बाजूंना माणसाहून उंच असे ब्राँझचे काळे पुतळे उभे दिसतात, एकूण २८. बापजादे, बायका, नातलग, आणि ज्यांच्याशी नातं सांगायला त्याला आवडायचं तेही. त्यांत दंतकथांमधला राजा आर्थरसुद्धा आहे. त्याचं रेखाटन जर्मन चित्रकार ड्यूररचं मानतात आणि तो ओतला न्यूरेंबर्गला. चिलखतांच्या कड्या, झग्यांवरची वेलबुट्टी, सगळं धातूत. अण्णा एकेका पुतळ्यापुढे थांबत होते. म्हणाले, "अगं, याने स्वतःच्या मयताला अख्खं घराणं बोलावून ठेवलंय."

त्याच चर्चमध्ये आंद्रेआस होफरची कबर आहे. पासायर खोऱ्यात खानावळ चालवणारा हा माणूस. १८०९ साली त्याने टिरोलच्या, म्हणजे इन्सब्रुकच्याच प्रांतातल्या, शेतकऱ्यांना उभं केलं आणि शहराला लागून असलेल्या बेर्गइझेल टेकडीवर बव्हेरियन आणि फ्रेंच फौजांना झुंजवलं. पुढच्या वर्षी इटलीतल्या मांतोव्हाला त्याला गोळ्या घातल्या. अण्णांनी तिथे हात जोडले. भोरच्या माणसाला डोंगरातली लढाई समजावून सांगावी लागत नाही. अण्णांना उगाच दमवलं, असं भाऊजी आजही म्हणतात. सोनेरी छपरापासून चर्चपर्यंत पाच मिनिटंही चालावं लागत नाही! आणि त्या सहलीतलं अण्णांना शेवटपर्यंत आठवत होतं ते हेच चर्च. दुकानांतलं त्यांनी कधी काही काढलं नाही.

सोनेरी छप्पर बघाच, पण नुसत्या छपराचा फोटो काढून वळू नका. सोन्याचा मुलामा दिलेल्या २६५७ तांब्याच्या कौलांखाली जो सज्जा आहे, त्यावरची शिल्पं बघा. एका चौकटीत मॅक्सिमिलियन आपल्या दोन्ही बायकांसोबत आहे आणि शेजारच्या चौकटींत अंग पिळवटून नाचणारे नर्तक आहेत.

दुपारी आकाश मोकळं असेल तर शहरामागच्या नॉर्डकेट डोंगररांगेवर जा. हुंगरबुर्गबान ही डोंगर चढणारी रेल्वे, जिची स्थानकं वास्तुविशारद झाहा हदीदने आखली, काँग्रेस स्टेशनवरून सुटते, ते होफकिर्शंपासून जवळच आहे. वर केबल कारने १९०५ मीटरवरच्या झेग्रुबेला जायचं. त्यापुढचं हाफेलेकार स्थानक २२५६ मीटरवर आहे. आई-बाबांपैकी कुणाला दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि फार तर झेग्रुबेपर्यंतच जा. ढग असतील तर वर जाऊच नका, पैसे वाया जातील. ऑगस्ट असला तरी स्वेटर हवाच.

आईंना क्रिस्टल बघायचंच असेल तर इन्सब्रुक कार्ड घ्या. त्यात संग्रहालयं, नॉर्डकेट आणि क्रिस्टल वर्ल्ड सगळं येतं. मात्र एका दिवसात तिन्ही गोष्टी करायच्या तर धावपळ होईल. जेवायला चीज घातलेलं श्पेट्झल (नूडल्ससारखा मऊ पदार्थ) बऱ्याच ठिकाणी मिळतं, पण त्याच्या पिठात अंडं असतं. घरात अंडं चालत नसेल तर आधी विचारून घ्या.