विद्यापीठाचं क्वार्टर घ्यावं की घरभाडे भत्ता घेऊन बाहेर राहावं?

तुम्ही पुण्यातल्या सार्वजनिक विद्यापीठात सहायक प्राध्यापक म्हणून रुजू होताय, मूळ वेतन ५७,७००; पत्नी त्याच विद्यापीठात कनिष्ठ लिपिक, मूळ वेतन १९,९००. क्वार्टरसाठी अर्ज करावा का, असं विचारलंय. माझं उत्तर: अर्ज लगेच टाका, पण घर मिळालं म्हणजे घ्यायलाच हवं असं समजू नका.

क्वार्टरचं परवाना शुल्क, म्हणजे विद्यापीठाला द्यायचं भाडं, बाजारभावाच्या मानाने किरकोळ असतं, म्हणून ते स्वस्त वाटतं. खरी किंमत आहे ती क्वार्टर घेतल्यावर बंद होणाऱ्या घरभाडे भत्त्याची. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यानंतर सातव्या वेतन आयोगाप्रमाणे एक्स वर्गातल्या शहरांत (पुणे, मुंबई) हा भत्ता मूळ वेतनाच्या ३० टक्के, वाय वर्गात (नागपूर, नाशिक, कोल्हापूर, सोलापूर वगैरे) २० टक्के आणि बाकी ठिकाणी १० टक्के आहे. तुमचा झाला १७,३१०. पत्नीचा ५,९७०. नवरा-बायको दोघंही नोकरीत असतील आणि एकाला क्वार्टर मिळालं, तर त्याच गावात दुसऱ्याचाही भत्ता थांबतो. हे बहुतेकांना पहिली पगारपावती हातात पडल्यावर कळतं. म्हणजे तुमच्यासाठी क्वार्टर पडेल २३,२८० अधिक परवाना शुल्क, पाणी आणि देखभाल. विद्यापीठाच्या आसपास तेवढ्याच आकाराचा फ्लॅट यापेक्षा कमी भाड्यात मिळत असेल, तर क्वार्टर तोट्याचं. पत्नी नोकरीत नसती, तर हिशोब बहुधा उलटा लागला असता.

हा आकडा दरवर्षी चढतो, कारण भत्ता मूळ वेतनावर आहे आणि वेतनवाढ ३ टक्क्यांची. घर मात्र तेच राहतं, त्याच गळक्या टाकीसकट. सहयोगी प्राध्यापक झालात की वेतनस्तर १३ए मध्ये मूळ वेतनाची सुरुवात १,३१,४०० पासून. ३० टक्के म्हणजे ३९,४२० रुपये, त्याच दोन खोल्यांसाठी. म्हणून क्वार्टरचा खरा फायदा कमी मूळ वेतनाच्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना आणि नव्याने लागलेल्यांना. ज्येष्ठ प्राध्यापकांनी ते धरून बसणं हिशोबात बसत नाही. वाटप ज्येष्ठतेने होतं, त्यामुळे प्रत्यक्षात नेमकं उलटं घडतं, हा व्यवस्थेचाच दोष.

आता कर. नव्या करप्रणालीत घरभाडे भत्त्यावर सूट नाही, म्हणजे २३,२८० पूर्ण हातात येत नाहीत. तुमच्या टप्प्याचा कर वजा करूनच तुलना करा. दुसरीकडे, विद्यापीठाचे कर्मचारी म्हणजे सरकारी कर्मचारी नव्हेत, असं धरून क्वार्टरची सवलत तुमच्या उत्पन्नात मिळवली जाऊ शकते: सप्टेंबर २०२३ पासून १५ ते ४० लाख लोकसंख्येच्या शहरात पगाराच्या ७.५ टक्के, वजा तुम्ही भरलेलं भाडं. तुमचा लेखा विभाग ही रक्कम कशी धरतो, ते आधी विचारा.

क्वार्टर घेतलंच, तर भत्ता नेमका कोणत्या दिवसापासून थांबतो ते आस्थापना विभागाकडून लेखी घ्या. वाटपाच्या आदेशापासून थांबत असेल आणि तुम्ही अजून जुन्या घराच्या नोटीस महिन्यात असाल, तर दोन्हीकडून कात्री. ताबा घेताना अभियंता विभागाच्या माणसासमोर वीज मीटरचं रीडिंग, गळती, तुटकी फिटिंग्ज ताबापावतीवर लिहून घ्या. नाहीतर सोडताना ती तुमच्या नावावर वसूल होतात. घर सोडल्यावर त्याच विभागाचा दाखला लेखा विभागात पोचेपर्यंत भत्ता परत सुरू होत नाही, तेव्हा तो स्वतः नेऊन द्या.

बाहेर राहिलात तर लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवलेलाच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत असणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. स्टॅम्पपेपरवरची नोटरी चालत नाही. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, एकूण भाड्यावर आणि परत मिळणाऱ्या अनामतीच्या दरवर्षी १० टक्क्यांवर. उदाहरणार्थ २०,००० भाडं, १ लाख अनामत, २४ महिने: ४,८०,००० अधिक २०,००० म्हणजे ५ लाख, शुल्क १,२५०. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. आधारवर ऑनलाइन नोंदणी होते, एजंट घरी येऊन अंगठे घेतो. त्याचे पैसे वेगळे.

जुन्या करप्रणालीत राहणार असाल आणि दोघांनाही सूट घ्यायची असेल, तर करारात दोघांची नावं घाला आणि भाडं आपापल्या खात्यातून आपापल्या हिश्श्याने भरा. वर्षाचं भाडं १ लाखाच्या वर गेलं की मालकाचा पॅन द्यावा लागतो. तो न देणाऱ्या मालकाचं घर घेऊ नका. सोसायटी भाडेकरू ठेवल्याबद्दल बिनभोगवटा शुल्क लावते, ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही आणि देणं मालकाचं असतं. दलाल ते हळूच तुमच्या माथी मारतात.

करारातल्या लॉक-इनकडे, म्हणजे ज्या काळात घर सोडता येत नाही त्या अटीकडे, नीट बघा. क्वार्टरच्या यादीत नाव असेल, तर लॉक-इन ठेवूच नका, किंवा फार तर ६ महिन्यांचं ठेवा आणि नोटीस एका महिन्याची. तसंच, देऊ केलेलं क्वार्टर नाकारलं तर यादीतलं नाव किती काळ बाद होतं, आणि नाकारल्यावर भत्त्यावर परिणाम होतो का, हे विद्यापीठाच्या निवासस्थान वाटप नियमांत वाचून मगच नकार कळवा.