आधी रक्तात दाखव

पोरी,

तुझा मेल वाचला. हार्ट अटॅकमध्ये रक्तात वाढणारं ट्रोपोनिन हे प्रथिन पकडायची तुझी तपासणी: बफरमध्ये, म्हणजे क्षारांच्या स्वच्छ पाण्यात, सोन्याचे सूक्ष्म कण लालाचे निळे झाले, सीरममध्ये, म्हणजे गोठलेल्या रक्तावरच्या पाण्यात, लालच राहिले, आणि गाईड म्हणतात बफरचाच डेटा घालून पेपर पाठव. पाठवू नकोस. आधी रक्तात दाखव.

ट्रोपोनिन आलं की त्याला धरणारा डीएनएचा तुकडा, म्हणजे अ‍ॅप्टामर, कणांवरून सुटतो, आणि मीठ घातलं की उघडे पडलेले कण एकमेकांना चिकटून निळे दिसतात, ते पाण्यात. सीरममध्ये लिटरला 40 ग्रॅमच्या आसपास अल्ब्युमिन हे प्रथिन असतं, ते तुझ्या कणांवर आधीच लेप देऊन बसतं. मग ट्रोपोनिन घाल नाहीतर मीठ ओत, लालच. आणि तुला पकडायचंय काय? ट्रोपोनिन-टीची धोक्याची रेघ लिटरला 14 नॅनोग्रॅमवर आहे. म्हणजे अल्ब्युमिन त्याच्या जवळजवळ 300 कोटी पट! बफरमध्ये ही गर्दी नसते, म्हणूनच तिथे सगळ्यांचं जमतं.

बरं, मिरजेहून आणलेल्या नळ्यांची झाकणं जांभळी होती का? तर ते सीरम नव्हेच, ईडीटीए प्लाझ्मा, म्हणजे गोठू नये म्हणून ईडीटीए हे रसायन घातलेल्या रक्ताचा. ईडीटीए मॅग्नेशियम ओढून घेतं, आणि तुझ्या बफरमध्ये मॅग्नेशियम आहे ते अ‍ॅप्टामरची घडी टिकावी म्हणूनच ना? एवढं तरी बघायचंस गं!

अ‍ॅप्टामर निवडायची पद्धत 1990 सालची. तरी मिरजेतल्या लॅबमध्ये ट्रोपोनिन अजून अँटिबॉडीवरच मोजतात. का, ते गाईडना विचार.

माझ्या हट्टाची किंमत मला माहीत आहे. सीरमसाठी एक काम मी अडवून धरलं, तोवर दुसऱ्यांनी बफरवर छापलं, बढत्याही घेतल्या. मला हेकट म्हणाले. म्हणोत. सलतं ते माझ्या विद्यार्थ्याचं. फेलोशिप संपली आणि तो घरच्या हळदीच्या अडतीवर बसला. भेटला की अजून नमस्कार करतो, मलाच नजर वर करवत नाही. तरीही सांगते, तेव्हा पेपर पाठवला असता तर त्याच्या नावावर एक खोटी रक्ततपासणी लागली असती. रक्तात चालत नाही तिला रक्ततपासणी कशी म्हणू?

सीरम दहापट, पन्नासपट पातळ करून बघ. अ‍ॅप्टामर नुसता चिकटवून ठेवू नकोस, थायॉलने, म्हणजे सोन्याला घट्ट धरणाऱ्या गंधकाच्या टोकाने, कणाला पक्का बांध. मग निळ्या रंगावर विसंबता येणार नाही, वाचायची रीत बदलावी लागेल. बदल. आणि तेवढ्याच लांबीचा, अक्षरं विस्कटलेला डीएनए शेजारी चालव, बफरमध्येसुद्धा. तोही निळा झाला तर इतके दिवस तू ट्रोपोनिन मोजतच नव्हतीस.

आलेख पाठव. विस्कटलेल्या डीएनएचा सोबत नसेल तर मी उघडणार नाही.

तुझी,
बाई
सांगली